पारा उडालेल्या आरशाचा उजेड

सासरी आले तेव्हा माझ्या पेटीत लुगडी होती, आईची फणेरपेटी होती आणि एक पाटी होती. पाटी मी चोरून आणलेली नव्हती. आत्याबाईंनीच ती आणायला सांगितली होती. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. सुनेनं त्यांना आत्याबाईच म्हणायचं, अशी रीत. लग्न ठरवायला त्या साखरखेर्ड्याला आमच्या ओसरीवर येऊन बसल्या, चहा बशीत ओतून प्यायल्या आणि माझ्या वडिलांना म्हणाल्या, "आमच्या घरामांगंच पोरींची शाळा हाये. सातवी करू द्या तिले तिथी. पाटी देजा सोबत."

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. त्या वेळी सातवी पास झालेल्या मुलीला खेड्यापाड्यात मास्तरीण होता येत असे. माझी शाळा सहावीतच सुटली होती. पुढचा वर्ग गावात मुलांबरोबर होता आणि आमच्या घरात ते चालणारं नव्हतं. वडिलांना मुलगी लांब द्यायची नव्हती. जळगाव जामोद म्हणजे आमच्यासाठी जिल्ह्याचं दुसरं टोक. खामगावला मोटार बदलायची, नांदुऱ्याला बदलायची, पूर्णा ओलांडायची आणि समोर सातपुड्याची निळी रेघ दिसली की मग गाव. पण सातवीचं नाव निघालं तसं वडिलांनी माझ्याकडं वळून पाहिलं. माझं तोंडच बोललं असणार. सुपारी फुटली.

सासर खाऊनपिऊन बरं होतं. भाजीपाल्याचा मळा, कांद्याची वखार, दारात बैलगाडी. माणसं वाईट नव्हती. माझ्या बोलण्याला हसायची तेवढी. मी 'का'च्या जागी 'कामून' म्हटलं की माझी नणंद, जी तेव्हा लग्नाची होती, ओसरीभर सांगत फिरायची, "वहिनी कामून म्हनते, आयकलं का?" त्यांचं 'काऊन' मला तेवढंच गमतीचं वाटायचं, पण मी एकटी होते, हसणार कुणाजवळ? होकाराला मी 'व्हय' म्हणायचे, ती 'हाव' म्हणायची. 'हाव' म्हणायला माझी जीभ वळायची नाही.

काळजी करणं हा माझा जन्माचा स्वभाव. दाराची कडी लावली तरी उठून बघायची, चुलीतली लाकडं विझवली तरी राख उकरून बघायची. पहिल्याच हिवाळ्यात मला मुदतीचा ताप आला. आत्याबाईंनी मला माहेरी धाडलं नाही. म्हणाल्या, "माही सून हाये, मीच पाहीन." कपाळावर ओल्या घड्या ठेवत, मुगाचं पाणी पाजत त्या माझ्या उशाशी बसून राहिल्या. केस गळले तेव्हा रोज एरंडेल चोळून त्यांनीच ते पुन्हा आणले. हे मी आधी सांगून ठेवते, कारण पुढचं वाचताना कुणी त्यांना कैदाशीण समजू नये. त्या हातांमुळं मी जगले. त्या माणसाचा शब्द माझ्यासाठी देवाच्या पायरीवरचा होता.

तापातून उठले त्या दिवसांत मांजराची ओळख झाली. भुऱ्या पट्ट्यांची मांजरी होती, वखारीतल्या उंदरांसाठी ठेवलेली. माणसाच्या हाताला यायची नाही. दूध ठेवलं तर आपण दूर झाल्यावर प्यायची. मला ते बरं वाटायचं. त्या घरात माझ्यासारखीच अजून एक दबकत चालणारी होती.

एका सकाळी माझे यजमान अंगणात दाढी करत होते. त्यांच्या आरशाचा कवडसा भिंतीवर पडला आणि ही मांजरी वखारीच्या पायरीवरून जी उडाली ती थेट भिंतीवर आदळली. यजमानांच्या गालावरचा साबण तसाच राहिला. ते हसत राहिले. "पाय वो, तिले वाटलं फुलपाखरू हाये." मला तापानंतर पहिल्यांदा हसू आलं.

मग दुपारी सगळे निजले की मी तो आरसा घेऊन बसू लागले. पण तो आरसा नवा होता, त्याचा उजेड धारदार. एकदा हात हलला आणि तो मांजरीच्या डोळ्यांवर गेला. तिनं डोळे मिटले, मान झटकली आणि पंजानं डोळा चोळत बसली. डोळ्यातून पाणी आलं. आंधळी झाली की काय. संध्याकाळपर्यंत मी तिच्यामागं हिंडत होते, तिच्यासमोर दोरी हलवून बघत होते. तिनं दोरीला पंजा मारला तेव्हा मी जेवले.

दुसरा उजेड होता सासऱ्यांच्या बॅटरीचा. वखारीच्या अंधारात तिचा पिवळा ठिपका छान पळायचा. पण सासरे रात्री मळ्याला पाणी द्यायला जायचे ते तिच्याच भरवशावर. एकदा सेल उतरलेले निघाले. सासरे रागावले नाहीत, नुसतं म्हणाले, "इच्चू काय तुह्या मांजरीले इचारून चावन का, पोरी?" त्या रात्री ते मळ्यातून परत येईस्तोवर मी दारात बसून राहिले. बॅटरीला पुन्हा हात लावला नाही.

शेवटी आईची फणेरपेटी काढली. तिच्या झाकणात हाताच्या तळव्याएवढा आरसा होता. जुना, पारा जागोजाग उडालेला. त्यात तोंड धड दिसायचं नाही, पण उन्हात धरला की भिंतीवर ताकासारखा मऊ उजेड पडायचा, मधे मधे सावलीचे ठिपके. आधी मी तो स्वतःच्या डोळ्यांवर पाडून पाहिला. पाणी आलं नाही, अंधारी आली नाही. मग मांजरीवर. तिनं डोळे न मिटता त्याच्याकडं पाहिलं, शेपटीचं टोक हललं आणि खेळ सुरू झाला. अलीकडं मांजरांना खेळवायला लाल ठिपका टाकणारी पेनं मिळतात. माझी नात दुकानदाराला, यातलं डोळ्यांना अपाय न करणारं कोणतं, असं विचारत होती. मला ते झाकण आठवलं.

माझे नेम ठरले होते. उजेड तोंडावर न्यायचा नाही. चुलीकडं नाही, विहिरीच्या कठड्याकडं नाही, वाळत घातलेल्या मिरच्यांवर तर नाहीच. तरी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती, ती आत्याबाईंच्या आली. खेळ संपवून मी झाकण लावलं की मांजरी तो उजेड शोधत बसायची. भिंतीचा पोपडा उकरायची, टोपलीखाली डोकं घालायची, बारीक आवाजात ओरडत फिरायची.

आत्याबाई कांद्याच्या पाती निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "तू तिले येडी करून राह्यली."

मी घाबरले. म्हटलं, "बंद करते, आत्याबाई."

"बंद काऊन करतं? खेळव ना. पन शेवटी तिले काही तं भेटू दे. नुसतं पळवलं का जीव झुरते मुक्याचा." त्यांनी दुरडीतून भाकरीचा तुकडा घेतला, त्याला तूप पुसलं आणि जोत्याच्या कोपऱ्यात ठेवला. "आता ने उजेड, आन त्या तुकड्यावर थांबव. तिले वाटलं पायजे का आपुन धरलं."

मी तसं केलं. मांजरीनं उजेडावर झडप घातली आणि तिच्या पंजाखाली भाकरी आली. ती खाऊन, मिशा पुसून, उन्हात आडवी झाली. शोधाशोध नाही, ओरडणं नाही.

"पाय," आत्याबाई म्हणाल्या, "येवढंच लागते."

मला वाटलं, यांना मुक्या जिवाचं एवढं कळतं, तर माझं किती कळत असेल. त्या दिवसापासून उजेड थांबेल तिथं तुकडा, हे मी कधी चुकवलं नाही. मांजरीही शहाणी झाली. उजेड कुठंही जावो, ती डोळे झाकून मागं जायची.

शाळेचं म्हणाल तर पहिला जून माझ्या डोळ्यांदेखत गेला. मागच्या गल्लीत घंटा व्हायची, पोरींचे पाढे ऐकू यायचे. मी आत्याबाईंना विचारलं, खरं तर विचारलं नाही, पाटी पुसून ओसरीवर ठेवली. त्यांनी ती पाहिली. "औंदा तापातून उठली तू. पुढच्या सालाले पाहू." मलाही ते पटलं. पुढच्या सालात नणंदेचं लग्न झालं, आणि जून आला तेव्हा तिला सहावा महिना लागल्याचा निरोप आला. पहिलं बाळंतपण माहेरी. आत्याबाई म्हणाल्या, "ती मोकळी झाली का तुह्या शाळेचं." मी 'व्हय' म्हटलं. दरम्यान एकदा शिंक्यावरचं दही काढायला गेले तर मडक्यावर झाकण म्हणून माझी पाटी ठेवलेली. मी ती धुऊन पेटीत ठेवली. दुसऱ्या दिवशी मडक्यावर पुन्हा तीच. म्हटलं, घरात मापाचं झाकण नसेल.

नणंद आली. पोट पुढं, पाय सुजलेले, जीभ तशीच. तिची बाळंतिणीची खोली वखारीला लागून होती. येताच तिनं मांजरीला पाहिलं. "आई, हे अजून हाये का घरात? मांजर लेकराचा श्वास वढते."

"पाहू," आत्याबाई म्हणाल्या.

मांजर मारायचं नसतं. मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, असं सगळेच म्हणायचे. ते सोडून यायचं असतं. पोत्यात घालायचं, पोतं गरागरा फिरवायचं म्हणजे दिशा विसरतं, आणि पाण्यापलीकडं नेऊन मोकळं करायचं. पण त्यासाठी आधी हाताला यावं लागतं. ही कुणाच्याच हाताला येत नसे. गड्यानं दोन दिवस घोंगडी घेऊन तिच्यामागं धावून पाहिलं, तर ती धाब्यावर, घराच्या मातीच्या छतावर, जाऊन बसली. मला हे सगळं दिसत होतं. तिसऱ्या दिवशी गडी थांबला, घोंगडी खुंटीला गेली. मी आनंदानं आत्याबाईंच्या पायाच पडले असते. त्यांनी मनावर घेतलं नाही, असं मला वाटलं.

त्या दुपारी आत्याबाई निजल्या नाहीत. माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुह्या त्या खेळाची लय तारीफ आयकतो. दाखव बरं मले आज."

मी किती हरखले होते ते कसं सांगू. कामाखेरीज त्या माझ्याजवळ तशा कधी बसल्या नव्हत्या. मी फणेरपेटी आणली. मांजरी धाब्यावरून उतरली. अंगणातून तुळशीच्या ओट्यावर, ओट्यावरून भिंतीवर, भिंतीवरून खाली. आत्याबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "वारे वा. मास्तरीन झाली असती तू खरंच." मग म्हणाल्या, "वखारीच्या दारात ते पोतं पडलं हाये पाय. तिथी उंदीर शिरला होता सकाळी. ने बरं तिकडं उजेड, तिले वास लागन."

पोतं तोंड उघडं करून आडवं टाकलेलं होतं. मी उजेड उंबऱ्यावर नेला. मग पोत्याच्या काठावर. आत तूप पुसलेला भाकरीचा तुकडा होता, तो मला दिसला, आणि मला वाटलं, बघा, यांनी आठवणीनं तुकडासुद्धा ठेवला. मी उजेड त्या तुकड्यावर थांबवला.

मांजरी आत गेली. आत्याबाईंनी पोत्याचं तोंड उचललं, पीळ घातला, सुतळी आवळली. कांद्याची पोती भरून भरून त्यांचे हात इतके सरावलेले होते की माझा हात खाली येईपर्यंत गाठ बसली होती. पोतं एकदा हललं. मग आतून जो आवाज आला तो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. गाडी मागच्या दाराला जुंपून उभीच होती. गड्यानं पोतं उचललं, अंगणात उभं राहून गरगर फिरवलं आणि गाडीत टाकलं.

मी फणेरपेटी धरून उभी होते. झाकण उघडंच होतं आणि त्याचा उजेड रिकाम्या उंबऱ्यावर हलत होता.

"रडतं काऊन?" आत्याबाई म्हणाल्या. "फेकून नाई देऊन राह्यलो तिले. सोनाळ्याले धाडलं, माह्या भावाच्या घरी. चार म्हशी हायेत त्याच्या. दुधातुपात लोळन तुही मांजर."

मग मी डोळे पुसले. म्हशी म्हटल्यावर बरंच हलकं वाटलं. असं फसवून नेलं हे वाईट, पण नेलं चांगल्या घरी. आणि तसंच तर पोरींचंही असतं, असं मी माझ्या मनाला सांगितलं. पुढचे कितीतरी दिवस दूध तापवताना मी सोनाळ्याच्या म्हशींचा विचार करायचे.

नणंदेला मुलगा झाला. बारशाला आत्याबाईंचे भाऊ सोनाळ्याहून आले. डोक्याला मोठा रुमाल, मोठा आवाज, मोठं हसू. मी त्यांच्या पाया पडले, पाणी दिलं आणि तांब्या परत घेताना हळूच विचारलं, "मामाजी, मांजर रुळली का तुमच्याकडं?"

"कोनती मांजर?"

"आमच्या इथून धाडलेली. भुऱ्या पट्ट्यांची."

त्यांनी अंगणात बैलांना पाणी दाखवणाऱ्या गड्याला हाक मारली. "काय बे, माह्या घरी मांजर आनली होती का तू? सून काय म्हनते आयक."

गड्यानं बैलाच्या मानेवर हात ठेवला. "म्या तं पहाडाकडं नाल्यापल्ल्याड सोडली, मालक. बाईनं सांगतलं तसं."

"तिथी तं बिबट पानी प्यायले येते," मामाजी म्हणाले, आणि त्यांना हसू आलं. पाळण्याकडच्या बायकाही हसल्या. नणंद म्हणाली, "वहिनी कामून रडते आता?" मी रडत नव्हते. मी आत्याबाईंकडं पाहत होते. त्या घुगऱ्या वाटत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्यांचा हात थांबला नाही.

पाहुणे गेल्यावर त्यांनी मला तेल घेऊन बोलावलं. पायरीवर बसवून माझे केस सोडले, तापानंतर सोडायच्या तसेच. बोटं तीच, मऊ.

"राग आला काय वो?"

मी तेलाची वाटी त्यांच्याकडं सरकवली.

"खरं सांगतलं असतं तं तू जेवली नसती. तुहाच विचार केला म्या. सोनाळ्याचं म्हटलं, तू चार दिवसांत हसाले लागली का नाई?"

"व्हय."

"मंग? मानसाले काही तं लागते धराले." त्यांनी केसांत फणी घातली. गुंता हळूच सोडवला, ओढला नाही. मग तशाच आवाजात, माया ढळू न देता म्हणाल्या, "आता तूच पाय. तुह्या बापाले शाळेचं म्हटलं नसतं, तं त्यानं पूर्णेच्या अल्याड पोरगी देल्ली असती का? आन तू आली असती का? अशी चांगली सून भेटली असती का मले?"

त्यांना ते कौतुकाचं वाटत होतं. खरंच वाटत होतं. मागच्या गल्लीत शाळा सुटल्याची घंटा झाली. त्यांनी वेणी घातली, गाठ मारली आणि माझ्या पाठीवर थोपटलं. मी उठले, दही लावायचं होतं. मडक्यावर पाटी होती. त्या दिवशी मी ती तिथंच राहू दिली.

दिवाळी उलटल्यावर एका दुपारी आत्याबाई अंगणात माझ्या केसांना तेल लावत होत्या आणि नणंदेचं बाळ उन्हाला घातलं होतं. ती दोन दिवसांत सासरी निघणार होती. धाब्यावरून काहीतरी खाली उतरलं. आधी ओळखूच आली नाही. बरगड्या दिसत होत्या, एक कान फाटलेला. पण पट्टे तेच. नाला, शेतं, एवढं गाव ओलांडून, पोतं गरगर फिरवलेलं असूनही ती आली होती. मला तर दोन वर्षांनंतरही साखरखेर्ड्याचा रस्ता एकटीनं सापडला नसता.

नणंद ओरडायच्या आत आत्याबाईंनी हात वर केला. "राहू दे. इतकी चालून आली, लक्ष्मीच म्हन." त्यांनी स्वतः वाटीत दूध ओतलं, भाकरी कुस्करली आणि जोत्याच्या त्याच कोपऱ्यात ठेवली. मग माझ्याकडं वळल्या. त्यांना मनापासून बरं वाटत होतं. "आली पाय तुही सखी. लाव आता उजेड."

मी फणेरपेटी आणली. झाकण उन्हात धरलं. तो ताकासारखा उजेड भिंतीवर पडला, खाली उतरला आणि दुधाच्या वाटीपाशी येऊन थांबला.

मांजरीनं तो पाहिला. शेपटीचं टोकसुद्धा हललं. पण ती उठली नाही. तिची नजर वाटीवरून निघाली, जमिनीवरून, पायरीवरून वर येत येत माझ्या हातावर येऊन थांबली. तिथंच राहिली. मी झाकण जरा हलवलं, उजेड पळाला. तिनं उजेडाकडं पाहिलं नाही. मग ती मागं सरकली, भिंतीला पाठ लावून बसली, आम्ही दोघीही दिसू अशी.

आत्याबाई थोडा वेळ वाट पाहत राहिल्या. "इसरली वाटते खेळ," त्या म्हणाल्या.

ती विसरली नव्हती. आत्याबाईंच्या चेहऱ्यावर खरंच हळहळ होती, आणि त्यांच्या हातांना अजून तेल होतं, माझ्याच केसांचं.

"हाव," मी म्हटलं. त्यांच्यासारखंच, न अडखळता.